‘द्या की’चं इंग्रजी

दुरुस्त केलेलं पान वाचायला कुणी बसत नाही. विद्यार्थी गुण बघतो, पालक सही करतात आणि वही मिटते. तपासणाऱ्याने कुठे पेन्सिल टेकवली, कुठे मुद्दाम हात आवरला, ओळीच्या वर काय लिहिलं आणि समासात काय, याकडे लक्ष जात नाही. मला अशी पानं वाचायचा नाद आहे. त्यातलं एक पान राधानगरीचं आहे आणि ते इतकं सुरेख तपासलेलं आहे की त्याचं सविस्तर रसग्रहण केल्याशिवाय राहवत नाही.

लिहिणाऱ्या बाईंना सगळं गाव वहिनी म्हणतं. दाजीपूरच्या रस्त्याला त्यांची घरगुती खानावळ आहे. धरण, राऊतवाडीचा धबधबा, अभयारण्यातले गवे, मे महिन्याच्या अखेरीचे काजवे बघायला येणारी माणसं त्यांच्याकडे भाकरी आणि तांबडा-पांढरा रस्सा जेवतात. त्यांतल्या कितीतरी जणांना मराठी येत नाही, म्हणून पंचेचाळिशीच्या आसपास वहिनींनी इंग्रजी पुन्हा हातात घेतलं. तपासणाऱ्या बाई माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गावातल्या चारदोन बायका वह्या घेऊन येतात. नेम एकच: काल्पनिक काही लिहायचं नाही, आपल्या घरात घडलेलं लिहायचं. दोघींनी पान दाखवलं, नावं मात्र छापू नका म्हणाल्या.

त्या मंगळवारी वहिनींच्या घरात घडलं होतं ते दाढदुखीचं. कोल्हापूरच्या दाताच्या डॉक्टरांची वेळ कशी ठरवली, हे त्यांनी बारा वाक्यांत लिहिलं. मूळ लिखाण रोमन लिपीतलं, इथे देवनागरीत उतरवून देतो आहे:

‘माय दाढ इज पेनिंग फ्रॉम टू डेज. येस्टर्डे नाइट आय डिड नॉट स्लेप्ट. माय हजबंड टोल्ड दॅट पुट लवंग. आय पुट बट पेन डिड नॉट वेंट. मॉर्निंग आय डिड फोन टु डेंटिस्ट इन कोल्हापूर. ही सेड कम टुमारो इलेव्हन ओक्लॉक. आय सेड टुमारो आय हॅव बिग ऑर्डर, गिव्ह मी आफ्टर टुमारो. ही सेड दॅट डे आय ॲम फुल. आय रिक्वेस्टेड टू मच. ॲट लास्ट ही गेव्ह मी अपॉइंटमेंट ऑन फ्रायडे फोर पी.एम. इफ आय विल गो लेट ही विल नॉट टेक मी. पेन इज माय बट ऑल हाउस इज नॉट स्लीपिंग.’

चुका मोजायला बसलं तर पंचवीसएक सहज निघतील. पण आधी हे बघा की गोष्ट पुरी आहे. दुखणं, रात्र, घरगुती उपाय, फोन, घासाघीस, ठरलेली वेळ, उशीर होण्याची भीती आणि शेवटी घराची अवस्था. काय आधी सांगायचं आणि काय मागून, याची जाण वहिनींना उपजत आहे. बाईंच्या पेन्सिलीने या क्रमाला हात लावलेला नाही. एकही वाक्य इकडचं तिकडे गेलेलं नाही, एकही गाळलेलं नाही. तपासनीसाची पारख मला इथेच पटली.

आता पहिलं वाक्य. त्यात चार गोष्टी खटकतात आणि बाईंनी चौघींना चार निरनिराळे न्याय दिले आहेत. ‘फ्रॉम’ खोडून वर ‘फॉर’. ‘इज’ खोडून वर ‘हॅज बीन’. ‘दाढ’ तशीच ठेवून तिच्या डोक्यावर ‘बॅक टूथ’. आणि ‘पेनिंग’च्या खाली नुसती ठिपक्यांची रेघ, तिच्या समोर समासात ‘हर्टिंग’. बाईंच्या खुणांची लिपी एवढ्यावरून कळते. ओळीच्या वर लिहिलेलं म्हणजे हे बदला. समासात लिहिलेलं म्हणजे असंही म्हणतात, तुमची मर्जी. ‘टूथ इज पेनिंग’ हे भारतात घरोघर बोललं जाणारं इंग्रजी आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांना ते कळतं, बंगळूरहून आलेल्या पाहुण्यालाही कळतं. लंडनच्या माणसाला मात्र ते जरा निराळं वाटेल. ही सगळी माहिती बाईंनी एका ठिपक्यांच्या रेघेत भरली. चूक आणि रीत यांतला फरक इतक्या हलक्या हाताने दाखवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

‘बॅक टूथ’चंही तसंच. शब्दकोश उघडणाऱ्याने इथे ‘मोलर’ लिहिलं असतं, आणि ते बरोबरही आहे. पण ‘बॅक’ आणि ‘टूथ’ हे दोन्ही शब्द वहिनींना आधीपासून येत होते. ते एकमेकांशेजारी ठेवले की दाढ होते, एवढंच माहीत नव्हतं. शिवाय इंग्रजी बोलणारा पेशंटही डॉक्टरांपुढे ‘मोलर’पेक्षा ‘बॅक टूथ’च म्हणेल. नवा शब्द न देता जुन्या दोन शब्दांतून नवी वस्तू काढून दिली.

‘फॉर’ का, याचं स्पष्टीकरण समासात आहे, पण त्यात व्याकरणाचा एकही शब्द नाही. बाईंनी आडवी रेघ काढली. डाव्या टोकाला टिंब, त्याखाली ‘संडे’ आणि ‘सिन्स’. रेघेच्या अंगावर कमान, तिच्यावर ‘टू डेज’ आणि ‘फॉर’. मराठीत आपण ‘रविवारपासून दुखतेय’ आणि ‘दोन दिवसांपासून दुखतेय’ ही दोन्ही वाक्यं एकाच ‘पासून’वर चालवतो. टोक आणि लांबी यांच्यात आपल्याला भेद करावाच लागत नाही. इंग्रजीला करावा लागतो. मराठी माणूस इथे हमखास का अडतो, ते ही रेघ एका नजरेत सांगते आणि ती पाठ करावी लागत नाही.

दुसऱ्या वाक्यातलं ‘डिड नॉट स्लेप्ट’ ही मराठी शाळांतल्या इंग्रजीची जुनी ओळखीची चूक. तिच्यावर लाल फुली मारणारे हात पुष्कळ. ती येते कुठून, हे मात्र फार कमी जण बघतात. ‘झोपले नाही’ म्हणताना आपला भूतकाळ मुख्य क्रियापदातच राहतो, ‘नाही’ येऊन फक्त शेजारी उभं राहतं. वहिनींनी तेच केलं. ‘झोपले’चं ‘स्लेप्ट’ केलं आणि नकार त्याला जोडला. म्हणजे इथे नियम मोडलेला नाही, नियम पाळलेला आहे. फक्त तो दुसऱ्या घरचा आहे. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये एका लेखात हेच मांडलं होतं: शिकणाऱ्याची चूक हा निष्काळजीपणा नसतो, त्याच्या मनात आकाराला येणाऱ्या व्यवस्थेचा तो पुरावा असतो. लॅरी सेलिंकरने 1972 मध्ये त्या मधल्या भाषेला ‘इंटरलँग्वेज’ असं नावही दिलं. राधानगरीच्या ओसरीवर या नावांचा उच्चार होत नसेल, पण पेन्सिल त्याच समजुतीने चाललेली दिसते.

कशी, ते बघा. ‘स्लेप्ट’ बाईंनी स्वतः दुरुस्त केला: वर ‘स्लीप’. दोन वाक्यांनंतर तीच चूक ‘डिड नॉट वेंट’ म्हणून पुन्हा आली, तेव्हा त्यांनी ‘वेंट’भोवती फक्त एक बारीक वर्तुळ काढलं. उत्तर दिलं नाही. त्या वर्तुळाशेजारी आज निळ्या शाईत ‘गो’ दिसतो. तो वहिनींचा आहे. त्यापुढे पेन्सिलीने ‘अवे’ जोडलेला आहे, कारण दुखणं जातं तेव्हा इंग्रजीत नुसतं ‘गो’ पुरत नाही, आणि ते वहिनींना स्वतःहून सुचण्याजोगं नव्हतं. जे शोधता येईल ते शोधायला लावलं, जे येणार नाही ते हातात दिलं. ‘गो अवे’ या दोन शब्दांत दोन हस्ताक्षरं आहेत, दोन रंग आहेत आणि कुणी काय करायचं याची चोख वाटणी आहे.

लवंगेच्या वाक्याला घाईचा तपासनीस कात्री लावतो. विषय डॉक्टरांची वेळ घेण्याचा, मग नवऱ्याचा सल्ला कशाला? पण लवंग ही या प्रसंगातली पहिली दवा आहे, आणि ती काही भाबडी नव्हे. तिच्या तेलातलं युजेनॉल दुखरा भाग बधिर करतं. दाताचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरताना झिंक ऑक्साइडबरोबर तेच युजेनॉल वापरत आले आहेत. बाईंनी वाक्य राखलं. ‘दॅट’ खोडला, त्या जागी ‘मी टु’ लिहिलं, ‘लवंग’वर ‘अ क्लोव्ह’ आणि शेवटी ‘ऑन इट’. आता ते ‘माय हजबंड टोल्ड मी टु पुट अ क्लोव्ह ऑन इट’ असं वाचता येतं. मराठीतलं ‘मालक म्हणाले, लवंग ठेव’ हे जसंच्या तसं ऐकू येतं, आणि इंग्रजीचा सांधाही कुठे कुरकुरत नाही. पुढच्या ‘आय पुट’ला एक ‘इट’ मिळाला. आपण नुसतं ‘ठेवली’ म्हणून मोकळे होतो, कारण ‘ठेवली’तल्या ईकारातच लवंग बसलेली असते. इंग्रजी क्रियापदाला तशी सोय नाही, त्याला कर्म उघड मांडावं लागतं.

‘अ’ आणि ‘द’ यांच्यावर बाईंनी फार वेळ घालवलेला नाही, आणि ते योग्यच आहे. पहिल्यांदा आलेल्या डेंटिस्टला ‘अ’, ‘पेन’ला ‘द’, ‘अपॉइंटमेंट’ला ‘ॲन’, ‘ऑर्डर’ला ‘अ’. जिथे अर्थ हलतो तिथेच.

फोनवरचं संभाषण हा पानाचा गाभा आहे. इथे पाठ्यपुस्तकी तपासणी हटकून अप्रत्यक्ष कथनाच्या घाटात शिरते: ‘ही सेड दॅट ही वॉज’, मग काळ मागे, ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’, सर्वनामांची उलटापालट. वहिनींची तीन वाक्यं त्यात पार ओळखू न येण्याजोगी झाली असती. बाईंनी काय केलं? स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं घातली. बस. डॉक्टर म्हणाले, दोन चिन्हांमध्ये त्यांचे शब्द. मी म्हणाले, दोन चिन्हांमध्ये माझे शब्द. लगेच ‘कम टुमारो’ शुद्ध झालं, ‘टुमारो आय हॅव’ शुद्ध झालं, ‘आय ॲम’ही जागेवर राहिलं. ‘इलेव्हन ओक्लॉक’च्या आधी एक ‘ॲट’ आणि ‘फुल’च्या जागी ‘फुली बुक्ड’ एवढंच शब्दांचं काम उरलं. एका चिन्हाने व्याकरणाचा अख्खा धडा टाळला, आणि फोनवरची बोलाचाली ताजी राहिली.

या चिन्हांचा आपल्याशी संबंध जुना आहे. मराठी लिखाणात विरामचिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीवरून; आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती 1831 मध्ये छापून झाली, 1857 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. त्या कामात कँडी मोल्सवर्थच्या जोडीला होते, आणि सरकारी शाळापुस्तकांची मराठी तपासण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली. एक इंग्रज गृहस्थ मराठी माणसांची मराठी दुरुस्त करत बसला होता, तो हाच महाराष्ट्र. त्याच काळात, 1836 मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण आलं, इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीकडे पाहत आलं. दोन भाषा एकमेकींच्या वह्या तपासत आल्या आहेत. या पानावरची अवतरणचिन्हं मला त्या मोठ्या घरोब्यातली वाटतात.

आणि आता ज्या ओळीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती ओळ. ‘गिव्ह मी आफ्टर टुमारो.’

‘परवा’ हा आपला फार सोयीचा शब्द आहे. मागचा परवा आणि पुढचा परवा, दोन्हीला तोच. क्रियापदावरून दिशा कळते. वहिनींनी त्याचं इंग्रजी केलं ‘आफ्टर टुमारो’, म्हणजे उद्यानंतर कधीही. वेळ ठरवताना एवढी ढिलाई परवडत नाही. बाईंनी आधी दोन शब्द घातले, ‘द डे’, आणि सैल पडलेली तारीख गुरुवारवर घट्ट झाली.

पण खरी गोम ‘गिव्ह मी’मध्ये होती. वाचणाऱ्याला हे उद्धट वाटतं. वहिनी उद्धट नव्हत्या, हे त्यांना ओळखणारं कुणीही सांगेल. मग उद्धटपणा आला कुठून? समासात बाईंचा मराठीतला शेरा आहे, तो इथे जसाच्या तसा देतो: ‘वहिनी, फोनवर तुम्ही डॉक्टरांना “परवाची द्या की” असं म्हणाला असणार. ते “द्या” आणि ते “की” इंग्रजीत कुठं गेलं?’

हा शेरा मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. ‘दे’ आणि ‘द्या’ यांत जो आदर आहे तो मराठीत क्रियापदाच्या शेपटीत राहतो. इंग्रजीत ‘गिव्ह’ला शेपटी नाही. भाषांतर करताना आदर नकळत गळून पडतो आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या मनात तो असतोच. आणि ‘की’! आमच्या कोल्हापूरकडचा ‘की’. बसा की, या की, जेवा की, द्या की. त्या एका अक्षरात आग्रह आहे, जवळीक आहे, आणि समोरच्याने नाही म्हटलं तरी राग नाही, अशी मोकळीकही आहे. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला अव्यय म्हणून एक ओळ मिळते. बाईंनी मात्र ओळखलं की या वाक्यात हरवलेली वस्तू तीच आहे.

त्याखाली दुरुस्ती: ‘“कुड यू गिव्ह मी द डे आफ्टर टुमारो?”’ पुढे वाढवले ते दोन शब्द, मागे एक प्रश्नचिन्ह. ‘गिव्ह मी’ जागेवरच. सफाईदार इंग्रजी लिहिणाऱ्याने हे वाक्य मोडून ‘कुड आय कम’ने सुरू केलं असतं आणि ते जास्त गुळगुळीत झालं असतं. पण मग वहिनींना वाटलं असतं की आपलं वाक्य चुकलं. आता त्यांना दिसतं की आपलं वाक्य बरोबरच होतं, त्याला दारातून आत शिरायची रीत तेवढी हवी होती.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटेल: इथे ‘प्लीज’ नाही. आपल्याकडे नम्रतेचं औषध म्हणून ‘प्लीज’ शिकवतात. पण ‘प्लीज गिव्ह मी’ ही शेवटी आज्ञाच राहते, नमस्कार करून दिलेली. ‘कुड यू’ने वाक्याचा प्रश्न होतो, आणि प्रश्नाला नाही म्हणायचा हक्क समोरच्याकडे जातो. ‘द्या की’तला ‘की’ नेमकं हेच काम करतो. ‘कुड’ हे खरं तर ‘कॅन’चं भूतकाळी रूप. पण भूतकाळ इथे काळ दाखवायला आलेला नाही, अंतर राखायला आलेला आहे. हे मराठी माणसाला परकं वाटू नये. एखाद्याच्या दारात उभं राहून आपण ‘जरा विचारायचं होतं’ म्हणतो, तेव्हा विचारायचं आत्ताच असतं. ‘होतं’ फक्त अदब आणतं. बाईंनी हे समजावून सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही, पानावर तसं काही नाही. पानावर फक्त ‘की’ आहे आणि त्याच्याकडून ‘कुड’कडे जाणारा बाण आहे. दोन भाषांचं शिष्टाचाराचं सबंध शास्त्र त्या बाणावर तोललेलं आहे.

‘आय रिक्वेस्टेड टू मच’ या वाक्यावर बाईंनी दुरुस्ती केलीच नाही, प्रश्न विचारला. ‘टू मच म्हणजे नको इतकं. तुम्ही किती वेळा विचारलंत?’ खाली निळ्या शाईत उत्तर आहे: तीनदा. आणि त्याखाली पुन्हा पेन्सिल: ‘आय आस्क्ड हिम थ्री टाइम्स.’ तपासनीसाने अंदाजाने ‘अ लॉट’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, ते लिहिणाऱ्यालाच विचारलं, आणि त्यातून मूळच्यापेक्षा नेमकं वाक्य निघालं. बारा वाक्यांत हेच एक वाक्य पुरतं नवं आहे, आणि ते दोघींनी मिळून लिहिलेलं आहे.

‘ही गेव्ह मी अपॉइंटमेंट’ इथे ‘ॲन’ तेवढा आला. इंग्रजीत अपॉइंटमेंट ‘मेक’ करतात, असं वर्गात घोकून घेतलेलं असतं. कित्येकांनी इथे ‘आय मेड’ केलं असतं. पण घडलं काय होतं? तीनदा विचारल्यावर डॉक्टरांनी दिली. देणारा तिकडे, घेणारी इकडे. ‘मेड’ने ती घासाघीस पुसली गेली असती. बाईंनी ‘गेव्ह’ राखला, कारण तो शुद्ध आहे आणि खराही.

पुढचं वाक्य वरवर साधं, पण बाईंच्या समजेची खोली इथे सर्वांत जास्त जाणवते. ‘इफ आय विल गो लेट’. ‘विल’ खोडला आणि समासात लिहिलं: ‘मराठीत काय म्हणता? “उशिरा गेले तर.” “जाईन तर” म्हणता का?’ आतापर्यंत मराठीने वहिनींना आडवाटेला नेलं होतं: ‘पासून’ने, ‘झोपले नाही’ने, ‘परवा’ने. इथे उलट झालं आहे. मराठीतही अट घालताना भविष्यकाळ येत नाही. वहिनींनी इंग्रजीचा ‘पुढचं म्हणजे विल’ हा नियम नको तिथे लावला होता, आणि बाईंनी त्यांना परत मराठीकडे पाठवलं: तुमच्या जिभेवर आहे तेच बरोबर आहे. कुठे मातृभाषेपासून सोडवायचं आणि कुठे तिच्याच हाती सोपवायचं, हे ज्याला कळतं तो शिक्षक मोठा. वहिनींच्या पिढीने इंग्रजी पाचवीत पहिल्यांदा पाहिलं. पहिलीपासूनचं इंग्रजी मराठी शाळांत 2000 साली आलं. तर्खडकर भाषांतर पाठमालेच्या वळणाने, मराठी वाक्य समोर ठेवून त्याचं इंग्रजी करत ही माणसं शिकली. त्या सवयीला पुढे नावं ठेवली गेली. या पानावर तिचं बळ दिसतं.

त्याच वाक्यातला ‘टेक’ बदलून ‘सी’ झाला. आपल्याकडे डॉक्टर पेशंट घेतात, इंग्रजीत बघतात. आणि हे वाक्य किती खऱ्या काळजीचं आहे, ते राधानगरीच्या नकाशावरून कळतं. कोल्हापूर इथून सुमारे पन्नास किलोमीटर. परिते, हळदी करत एसटी रंकाळ्याकडे पोचायची, मग तिथून दवाखाना. एक गाडी चुकली की चारची वेळ गेली.

शेवटचं वाक्य. ‘पेन इज माय बट ऑल हाउस इज नॉट स्लीपिंग.’ दुखणं माझं, पण झोप सगळ्या घराची गेली. पेन्सिलीने ‘पेन’ला ‘द’ दिला, ‘माय’चं ‘माइन’ केलं, ‘ऑल’च्या जागी ‘द होल’ लिहिलं. ‘द पेन इज माइन, बट द होल हाउस इज नॉट स्लीपिंग.’ घर कसं झोपेल, माणसं झोपतात, असा आक्षेप घेऊन ‘नोबडी ॲट होम’ करणारे हात मला डोळ्यांसमोर दिसतात. बाईंनी घराला जागं राहू दिलं. शेजारी एक बरोबरची खूण आहे. सबंध पानावर ही एकच.

जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये एक लेख लिहून असं ठासून मांडलं होतं की परभाषेच्या लेखनातल्या व्याकरणाच्या दुरुस्त्या शिकणाऱ्याच्या कामी येत नाहीत, त्या सोडूनच द्याव्यात. 1999 मध्ये डॅना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं, आणि तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. लाल शाईने रंगलेल्या पानांपुरतं ट्रस्कॉट यांचं म्हणणं मला पटतं. तशा पानात शिकणाऱ्याला स्वतःचं काहीच सापडत नाही. पण दुरुस्ती म्हणजे फक्त तेवढंच नव्हे, हे मी या पानावरून म्हणेन. ‘मॉर्निंग’च्या आधी ‘इन द’ हवं होतं, ते बाईंनी सोडलं. ‘आय डिड फोन टु’मधला ‘टु’ नको होता, तोही सोडला. ‘येस्टर्डे नाइट’ तसाच आहे. नजरेतून सुटलं म्हणावं तर ज्या हाताने ‘माय’चा ‘माइन’ केला त्याच्या नजरेतून हे सुटणार नाही. एका बैठकीत किती पचेल, याचा तो हिशेब आहे.

पानाच्या तळाशी गुण नाहीत, ‘छान’ नाही, शुद्ध प्रत लिहून आणा असंही नाही. दोन ओळी आहेत. पहिली: ‘लवंग फार वेळ धरून ठेवू नका, हिरडी सोलते.’ लिखाण तपासताना बाईंनी ते वाचलंही होतं, दुखणाऱ्या माणसाचं म्हणून वाचलं होतं. दुसरी: ‘शुक्रवारी डॉक्टरांनी काय काय विचारलं, तेवढंच लिहून आणा.’

ही दुसरी ओळ मला आधी नुसती आपुलकीची वाटली. मग तिच्यातली योजना लक्षात आली. दाताचे डॉक्टर विचारतात काय? कधी सुरू झालं, गोळी घेतली का, गार पाणी लागलं का, रात्री वाढलं का. सगळे भूतकाळाचे प्रश्न, आणि इंग्रजीत त्यांतला प्रत्येक ‘डिड’ने उभा राहतो. ‘स्लेप्ट’ आणि ‘वेंट’ जिथे अडखळले होते त्याच जागेवरून वहिनींना पुन्हा न्यायचं होतं, पण धड्याचं नाव न घेता, त्यांच्याच दाढेच्या निमित्ताने. शुक्रवारचं पानही मी पाहिलं. ‘व्हेन डिड द पेन स्टार्ट?’ ‘डिड यू स्लीप?’ ‘डिड कोल्ड वॉटर हर्ट?’ सरळ, बिनचूक. समासातला ‘हर्टिंग’ही त्यांनी आपणहून उचललेला. डॉक्टर मशीन लावायला आले तेव्हा आपण काय म्हणालो, तेही न सांगता लिहिलेलं: ‘“कुड यू डू स्लोली?”’ आणि मधेच एक ‘डिड यू टूक टॅब्लेट?’ त्यातल्या ‘टूक’भोवती पेन्सिलीचं वर्तुळ काढलेलं आहे. निळी शाई अजून तिथवर आलेली नव्हती.